साडूंची थंडी

आमच्या साडूंइतका थंडीला भिणारा आणि विजेला धाकात ठेवणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. मधल्या काळात जिल्ह्याचं नाव बदललं, पण नव्या नावाच्या जिल्ह्यातही ही परिस्थिती तशीच आहे. दसऱ्याचं सोनं वाटून झालं की ज्या दिवशी आम्ही बाकीचे लोक पंखा दोनवरून एकवर आणतो, त्या दिवशी साडूंच्या डोक्यावर कानटोपी चढते. तिच्यावर मफलर, अंगात अर्ध्या बाह्यांचा एक आणि पूर्ण बाह्यांचा एक असे दोन स्वेटर. असं सगळं चढवून ते लोकांच्या घरी जातात आणि कोणी काही विचारायच्या आत, पाण्याचा तांब्या हातात घेण्याआधी, जाहीर करतात, "आपल्याला बुवा थंडी सोसत नाही." ज्याला सांगितलं त्याला पुन्हा भेटल्यावर पुन्हा सांगतात. लग्नात आहेर देताना सांगतात. एका दहाव्याला नदीवर, सगळे खाली मान घालून उभे असताना, शेजारच्याच्या कानात त्यांनी हेच सांगितलेलं मी स्वतः ऐकलं आहे.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. या बहिणीला सगळं घर ताई म्हणतं, म्हणून मीही ताईच म्हणतो. साडू सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरला होते. उभी नोकरी त्यांनी एका जाळीच्या खिडकीमागे बसून काढली, आणि त्या खिडकीतून त्यांच्या मर्जीशिवाय साधा वायसरही बाहेर गेला नाही. मालक जरी समोर आला तरी "कशाला पाहिजे? जुना कुठाय? तो आधी जमा करा," हे ठरलेलं. माणूस निवृत्त झाला, पण खिडकी काही निवृत्त झाली नाही. वाटप करायला हाताशी माल उरला नाही म्हणून त्यांनी वीज धरली.

त्याचं असं झालं, की निवृत्तीनंतर त्यांनी शाळेची मुलं वाहून थकलेली एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली आणि सुप्यातल्याच एका बॉडीवाल्याकडून तिचं फिरतं घर करून घेतलं. आत दोन बाकांचा एक पलंग, ओट्यासारखी एक फळी, पडद्यामागे न्हाणीघर म्हणावं अशी एक जागा. ते तिला कॅराव्हॅन म्हणायचे. आमच्या सासुरवाडीला तिचं नाव पहिल्याच दिवशी 'दाजींचा डबा' पडलं. साध्या माणसानं असली गाडी केली असती तर तिच्यात गॅसची शेगडी ठेवली असती, जाड रजया ठेवल्या असत्या. साडूंनी तीन हीटर ठेवले. एक सळ्यांचा, एक वारा फेकणारा ब्लोअर आणि एक तेल भरलेला, रेडिएटरसारखा, चाकांवर फिरणारा. गाडीची स्वतःची बॅटरी दोन दिवे आणि एक छोटा पंखा ओढायची. हीटरचं नाव काढलं की मान टाकायची. म्हणजे डबा जिथे उभा राहील तिथल्या यजमानाच्या घरातून वायर ओढणं आलं, आणि वायर आली की साडूंचं राज्य आलं.

या राज्याचा कायदा एकच होता: एका वेळी एकच. हीटर चालू असेल तर किटली नाही, किटली असेल तर इंडक्शन नाही, आणि इंडक्शन असेल तर हीटर बंद करून सगळ्यांनी कुडकुडायचं, आणि तेही तक्रार न करता. आत बसलेल्यानं काही लावायचं झालं तर आधी त्या वस्तूचं नाव मोठ्यानं घ्यायचं. ताई ओरडायची, "किटली!" साडू बाहेरून, मीटरपाशी उभे राहून, "थांब!" म्हणायचे. मग आत येऊन स्वतः हीटर बंद करायचे, बाहेर जाऊन वायर हाताला लावून बघायचे आणि वैद्यानं नाडी सोडावी तशी ती सोडून म्हणायचे, "चालव." तोवर चहा प्यायची इच्छा असलेला माणूस गाडीतून उतरून टपरीवर गेलेला असायचा. मी एकदा मोबाईल चार्जिंगला लावला तर त्यांनी तो काढून माझ्या हातात दिला. म्हटलं, "अहो, मोबाईलचा काय लोड येतो?" तर म्हणाले, "स्टोअरमधून एक-एक स्क्रूच जातो साडूभाऊ, लेथ मशीन कोणी खिशात घालून नेत नाही."

डब्याचं पहिलं प्रदर्शन आमच्या नगरच्या घरासमोर भरलं. आमच्या खिडकीतून वायर गेली आणि पाठोपाठ साडू घरात आले. त्यांनी आमच्या घराची पाहणी केली. वास्तुशांतीला सुद्धा कोणी इतकं निरखून पाहिलं नव्हतं. बायको इस्त्री करत होती, ती थांबवली. मिक्सरमध्ये चटणी अर्धी वाटलेली, ती अर्धीच राहिली. रात्री दोघं डब्यात सुखानं झोपली, आम्हीही झोपलो, आणि सकाळी कळलं की झोपण्याआधी साडूंनी आमचा फ्रीज बंद करून ठेवला होता. दूध नासलं, भिजवून ठेवलेलं इडलीचं पीठ फसफसून खाली सांडलं. बायको त्यांना काही बोलणार, तर तेच म्हणाले, "तुमच्या फ्रीजचा कॉम्प्रेसर एकदम झटका मारतो. दाखवून घ्या." आम्ही दाखवून घेतला. त्याला काहीही झालेलं नव्हतं.

कोपरगावला तर त्यांनी कमाल केली. तिथे त्यांच्या जुन्या कारखान्यातला एक सोबती ऊस लावून सुखात राहतो. त्याच्या अंगणात डबा उभा राहिला. त्याच्या घरातल्या साध्या, बारक्या पिनांच्या बोर्डाला साडूंनी मोठा हीटर लावला, कारण बोर्डावर 'मजबूत' असं काहीतरी लिहिलेलं होतं. टीव्हीवर मॅच रंगात आलेली, घरात पाहुणे जमलेले, आणि बोर्डातून आधी वास आला, मग धूर आला आणि मग घर अंधारात गेलं. दुसरा कोणी असता तर चपला शोधायला लागला असता. साडूंनी अंधारातच सतरंजीवर मांडी घातली आणि यजमानाला, त्याच्या बायकोला आणि पाहुण्यांना तांब्याची वायर आणि अॅल्युमिनियमची वायर यातला फरक समजावून सांगितला. "तुमचं घर आज वाचलं," असं ते शेवटी म्हणाले. त्या सोबत्यानं नंतर मला फोन करून विचारलं, "पाव्हनं पुन्हा कधी येनार हायेत? म्हंजे आमी गावाला जायला मोकळं."

मी हे सगळं चवीनं सांगत फिरायचो, हे कबूल करायला मला काही वाटत नाही. साडू होतेच तसे. पण एक गोष्ट मला तेव्हा खटकली होती. मार्गशीर्षात एकदा मी न सांगता सुप्याला गेलो. सकाळ होती, हवेत चांगलाच गारठा होता, आणि साडू नुसत्या बनियनवर, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून, पाइपच्या थंडगार पाण्यानं डबा धूत होते. शीळही घालत होते. मला पाहताच पाइप टाकून आत पळाले आणि कानटोपी, मफलर, दोन्ही स्वेटर असा पूर्ण पोशाख करून बाहेर आले. "आपल्याला बुवा थंडी सोसत नाही," म्हणाले. तेव्हा मी एवढंच मनात म्हटलं, की माणूस आता कामातून गेला.

आता ताईचं सांगायला हवं. राजूरच्या पुढे, डोंगराच्या कुशीत, आमची सासुरवाडी आहे. तिथे ऐन थंडीत देवीची जत्रा असते. पहाटे पालखी निघते, गल्लीगल्लीतून फिरते आणि प्रत्येक दारात तिला नैवेद्य दाखवतात. आमच्या सासुरवाडीच्या घरात रीत अशी, की नैवेद्याची एक तरी पुरणपोळी घरच्या थोरल्या लेकीनं माहेरी येऊन, त्याच पहाटे, चुलीपाशी बसून आपल्या हातानं लाटायची. तीच पालखीपुढे जाते. ताईनं लग्नानंतर किती वर्षं ही पोळी लाटली. पण पुढे थंडीत तिची बोटं धरायला लागली, हे आम्हाला फार उशिरा कळलं. सकाळी उठलं की मूठ उघडत नाही, लाटणं धरवत नाही. त्यात डोंगरातली थंडी. दोन-तीन जत्रा तिनं काहीबाही कारण सांगून टाळल्या, आणि तिची भावजय, म्हणजे आमच्या वहिनी, तिच्या नावानं पोळी लाटत राहिल्या. कोणी काही म्हटलं नाही. पण जत्रेच्या दिवशी ताई सुप्याला बसून फोन करायची, "गेली का गं पालखी?" एवढंच विचारायची आणि ठेवून द्यायची. मग एका वर्षी तिनं आमच्या हिला सांगितलं, "यंदा मी जाणार. पोळी मीच लाटणार." त्याच वर्षी तो डबा झाला होता. आम्हाला वाटलं, साडूंना डबा मिरवायला जत्रा सापडली.

जत्रेच्या आदल्या दिवशी डबा मेहुण्याच्या अंगणात लागला. गल्लीतली सगळी माणसं बघायला आली. साडूंनी सगळ्यांना आपली थंडी सांगितली आणि मग लोडचा हिशेब मांडला. तीन हीटर रात्रभर आणि पहाटे चालायला हवेत. एका घराला ते झेपणार नाहीत. म्हणून तीन घरांतून तीन वायरी. एक मेहुण्याच्या घरातून, एक शेजारच्या चुलत भावाकडून, एक पलीकडच्या किराणा दुकानदाराकडून. तिन्ही वायरी अंगणातून येऊन डब्याच्या खिडकीत शिरल्या. कोंबड्या त्यांच्यावरून उड्या मारत होत्या. साडूंचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. "याला लोड वाटून देणं म्हणतात," ते मला म्हणाले. "कोणा एकावर भार नाही पडला पाहिजे."

यात एक अडचण होती, ती त्यांनाही दिसली. जत्रेच्या पहाटे पालखीआधी सगळ्या गावानं आंघोळ करायची असते, आणि आता गावातही घरोघरी बादलीत घालायचे रॉड आले आहेत. म्हणून साडू संध्याकाळी तिन्ही घरी जाऊन आंघोळीची पाळी लावून आले. आधी दुकानदार, मग चुलत भाऊ, मग आपण. दुकानदार म्हणाला, "दाजी, आमच्या म्हातारीला पन सांगून जावा, ती कुनाचं ऐकत न्हाई." साडू म्हातारीलाही सांगून आले.

पहाटे मी डब्यात डोकावलो. आत इतकी ऊब होती की माझ्या चष्म्यावर वाफ धरली. तेलाचा हीटर ताईच्या पलंगाशी, ब्लोअर तिच्या हातांकडे तोंड करून, आणि सळ्यांचा हीटर पोळपाट-लाटण्यासमोर. लाटणं सुद्धा गार लागायला नको, असा साडूंचा विचार. ताई बोटं उघडून-मिटून बघत होती. मला पाहून आधी दचकली, मग हळूच म्हणाली, "थंडीनं धरतात. बघा, उघडतायत." अंगणापलीकडे नैवेद्याची तयारी चालू होती. पुरण वाटून ठेवलेलं, कणीक तिंबून झालेली. वेशीपाशी संबळ वाजायला लागला होता, म्हणजे पालखी निघाली होती. आणि सगळ्या गल्लीनं एकदम आपापल्या बादलीत रॉड सोडले.

डीपीपाशी फट् करून मोठा आवाज झाला. मेहुण्याचं घर गेलं, चुलत भावाचं गेलं, दुकान गेलं, आमची अख्खी बाजू गेली. समोरच्या बाजूचे दिवे मात्र छान चालू होते. साडू तीन वायरींच्या मध्ये उभे राहिले. मग त्यांनी सावकाश मान वर केली. तिन्ही घरांच्या वायरी खांबावर जाऊन एकाच तारेला लटकलेल्या होत्या. आदल्या दिवशी त्यांनी मीटर पाहिले होते, बोर्ड पाहिले होते, आंघोळीची बादली पाहिली होती, म्हातारी पाहिली होती. तेवढं वर मात्र पाहिलं नव्हतं. मेहुणा म्हणाला, "दाजी, तुमी तिघांला वाटलं खरं, पन तिघं एकाच घरात जेवत हुतं की!" गल्ली हसली. मीही हसलो. मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदाच साडूंनी वायरिंगला नावं ठेवली नाहीत.

पत्र्याचा डबा गार व्हायला वेळ लागत नाही. ताई उतरून चुलीपाशी येईपर्यंत तिच्या हातांनी पुन्हा मुठी धरल्या होत्या. डोंगरावरून वारं येत होतं. संबळाचा आवाज आता पलीकडच्या गल्लीत आला होता. वहिनी हळूच म्हणाल्या, "ताई, र्‍हाऊ द्या. मी लाटते, तुमी नुसता हात लावा." ताईनं होकारार्थी मान हलवली, पण डोळे भरून आले होते. घरातली गॅसची टाकी महाप्रसादाच्या मंडपात गेलेली, म्हणून त्या एका चुलीवर सगळं घर तुटून पडलं होतं. एका बाजूला आंघोळीच्या पाण्याचा हंडा, वैलावर चहाचं पातेलं, आणि त्या पातेल्याभोवती पाहुणे कप घेऊन उभे.

साडू आत आले. त्यांनी चुलीकडे पाहिलं, आणि ती जाळीची खिडकी त्यांच्या डोळ्यांत परत आली. "एका वेळी एकच," ते म्हणाले. फडकं घेऊन त्यांनी हंडा उतरवला. मेहुण्याचे सासरे अंगाला तेल लावून उघडेबंब बसले होते, ते "अहो, अहो!" करत राहिले. मग चहाचं पातेलं उतरवलं. पाहुणे चिडले. एक म्हणाला, "पाव्हनं, चुलीला बी लोड आसतो व्हय?" वहिनी म्हणाल्या, "दाजी, चुलीला डीपी नसतो हो." साडूंनी कोणाकडे पाहिलं नाही. अंगातला स्वेटर काढून विस्तवासमोर धरला, गरम झाला की ताईच्या हातांभोवती गुंडाळला, मग दुसरा काढला, तोही तसाच. पहिला गार झाला की पुन्हा पहिला. मध्येच स्वेटर बाजूला करून तिची बोटं आपल्या हातांत घेऊन चोळत. कोणी वाटी गरम करायला जरी पुढे आलं तरी "थांब!" संबळ गल्लीच्या तोंडाशी आला. सगळं घर बिनचहाचं, बिनआंघोळीचं उभं होतं, आणि चूल एका बाईच्या दहा बोटांसाठी जळत होती.

बोटं उघडली. पूर्ण नाही, पण लाटण्यापुरती. ताईनं पोळी लाटली. एका बाजूनं जाड, एका बाजूनं फाटायला आलेली, आणि मध्ये पुरण डोकावत होतं. वहिनींनी ती तव्यावर टाकली, आणि पालखी दारात आली तेव्हा ती तुपाखाली झाकून ताईनंच नेली.

पालखी पुढे गेल्यावर अंगणात साडू वायरी गुंडाळत होते. अंगात नुसता अर्ध्या बाह्यांचा शर्ट, डोक्यावर काही नाही, आणि अंगावर साधा काटाही नव्हता. मी ओट्यावर ताईशेजारी बसून कुडकुडत होतो. म्हटलं, "ताई, ह्यांना थंडी नाही का वाजत?" ती हसली. म्हणाली, "ह्यांना कधी वाजली? लग्न झाल्यापासून गार पाण्यानं आंघोळ करतात. माझे हात धरायला लागले तेव्हा मीच म्हटलं, माहेरात कळू देऊ नका, सगळी म्हणतील लेक अधू झाली. तर म्हणाले, मग मला थंडी सोसत नाही म्हणून सांगू. तेव्हापासून सांगत सुटलेत." आमच्या फ्रीजमधलं दूध, कोपरगावचा बोर्ड, आणि दहाव्याला नदीवर केलेलं ते जाहीर निवेदन, सगळं एकदम आठवलं.

यंदाही आम्ही जत्रेला गेलो. ताईची बोटं आता ऊब देऊनही उघडत नाहीत, आणि ते आता सगळ्यांना माहीत आहे. पोळी वहिनींनी लाटली. ताई डब्याच्या खिडकीशी बसून बघत होती. आता एकच वायर येते आणि एकच हीटर लागतो, तो तिच्या हातांपाशी. साडू बाहेर, माझ्या शेजारी, डोक्यावर काही न घेता उभे होते आणि संबळ ऐकत होते. आता लपवण्यासारखं काही राहिलेलं नव्हतं. तेवढ्यात गल्लीतली एक म्हातारी जवळून गेली आणि म्हणाली, "काय दाजी, लई गारठा न्हाई?" साडू दचकले. खिसे चाचपून त्यांनी घाईघाईनं कानटोपी काढली, कानांवर ओढली आणि खिडकीकडे एकदा पाहून चांगलं मोठ्यानं म्हणाले, "अहो, आपल्याला बुवा थंडी सोसत नाही."

मी माझी शाल काढून त्यांच्या खांद्यावर टाकली. त्यांना तिची काही गरज नव्हती, पण त्यांनी ती नीट गुंडाळून घेतली.